ई-सायकलचा पुढचा शॉकअप सारखा तळाला आपटतो? फोर्क बदलण्याआधी हे मोजा

गतिरोधक ओलांडताना पुढून ‘ठक्क’ असा धातूवर धातू आपटल्याचा आवाज येतो आणि हादरा थेट मनगटांपर्यंत पोचतो. मेकॅनिक वरचा नॉब दोन-तीन वळसे आवळतो, ‘टाइट कर दिया है’ म्हणतो. आठवडाभर बरं वाटतं, मग पुन्हा तेच. तिसऱ्या-चौथ्या खेपेला सल्ला मिळतो की स्प्रिंगचा फोर्क, म्हणजे पुढचा अख्खा शॉकअप, काढून टाका आणि एअरचा, म्हणजे हवेवर चालणारा लावा. कधी कधी हा सल्ला बरोबरही असतो. पण मूळ कारण न शोधता लावलेला नवा फोर्क महिन्याभरात तसाच आपटायला लागतो, आणि पैसे गेले ते गेलेच.

स्प्रिंग की एअर हे ठरवायला दोन प्रश्नांची खरी उत्तरं लागतात. फोर्कवर येणारं वजन रोज किती बदलतं? आणि त्या फोर्ककडे लक्ष कोण देणार? पण त्याआधी आवाज नक्की कुठून येतोय हे बघायला हवं.

आवाज खरंच तळाचा आहे का

पुढचा ब्रेक घट्ट दाबून धरा आणि सायकल मागे-पुढे हलवा. दुसऱ्या हाताचं बोट आधी हँडलखालच्या बेअरिंगच्या फटीवर, म्हणजे हेडसेटवर ठेवा. तिथे कटकट जाणवली तर हेडसेट ढिला आहे, फोर्कचा काही दोष नाही. स्टेमचे, म्हणजे हँडल धरून ठेवणाऱ्या तुकड्याचे, बाजूचे दोन बोल्ट ढिले करा, वरच्या टोपीचा बोल्ट पाव-पाव वळसा आवळत खेळ जाईपर्यंत न्या, हँडल अजून सहज वळतंय ना बघा, चाकाच्या रेषेत सरळ करा आणि मगच बाजूचे बोल्ट आवळा. बाजूचे बोल्ट ढिले न करता नुसती वरची टोपी पिळत राहण्याने काहीच होत नाही, उलट तिचे आटे जातात.

आता तेच बोट फोर्कच्या डस्ट सीलवर ठेवा, म्हणजे चकचकीत नळी खालच्या पायात जिथे शिरते तिथे. इथे किंचित हालचाल स्वस्त फोर्कमध्ये नवीन असतानाही असते. पण नळी सीलमध्ये डोळ्यांना दिसेल इतकी डुगडुगत असेल तर नळीला सरळ धरणारे आतले बुश झिजलेत. अशा स्वस्त फोर्कचे बुश बदलण्यापेक्षा फोर्क बदलणं परवडतं.

तिसरी चाचणी: हँडल धरून पुढचं चाक झटकन वर उचला. चाक जमिनीवरून सुटताना ठक्क झालं, तर फोर्क खाली नाही, वर आपटतोय. ज्या फोर्कमध्ये रिबाउंडची, म्हणजे उसळी मंदावण्याची, व्यवस्थाच नाही, तो दाबला की स्प्रिंगच्या जोरावर तसाच उसळतो आणि वरच्या टोकाला आदळतो. अशा वेळी वरचा नॉब, म्हणजे स्प्रिंग आधीच दाबून ठेवणारा प्रीलोडचा नॉब, आवळला तर आवाज आणखी वाढतो. हा फरक रस्त्यावरही ओळखता येतो. चाक गतिरोधकावर चढताना आवाज आला तर खालचा, उतरून चाक हलकं झाल्यावर आला तर वरचा.

शेवटी लॉकआउटची, म्हणजे फोर्क दबूच न देणारी, कळ बघा. इंदूरच्या सुपर कॉरिडॉरसारख्या गुळगुळीत रस्त्यावर ती लावायची आणि गल्लीत शिरताना काढायची विसरायची, हे फार होतं. लॉक लावून खड्डे खाल्ले की साध्या फोर्कमधला लॉकआउटचा भाग निकामी होतो. मग कळ फिरवली तरी फोर्क लॉक होत नाही किंवा अर्धवट अडकतो.

सॅग: एक केबल टाय आणि एक फूटपट्टी

तुम्ही सायकलवर नुसते बसल्यावर फोर्क जेवढा खाली बसतो त्याला सॅग म्हणतात. फोर्कबद्दलचा जवळजवळ प्रत्येक निर्णय या एका आकड्यावर येऊन थांबतो. मोजायला पाच मिनिटं लागतात, तरी ते राहूनच जातं.

रोज जशी सायकल चालवता तशीच तयारी करा: तेच बूट, तीच बॅग, बॅटरी जागेवर, पुढच्या बास्केटमध्ये नेहमीचं सामान. चकचकीत नळीला एक बारीक केबल टाय सैलसर बांधा आणि सरकवत डस्ट सीलला टेकवा. काही फोर्कवर यासाठी रबरी रिंग आधीच असते. सायकल भिंतीलगत उभी करा, एका हाताने भिंतीला आधार घेऊन हळूच चढा, नेहमीच्या बैठकीत बसा. धक्के देऊ नका, ब्रेक दाबू नका. तसेच हळूच उतरा. टाय आणि सील यांच्यातलं अंतर हा तुमचा सॅग. स्वस्त फोर्कमध्ये घर्षण जास्त असतं, त्यामुळे एकाच मापावर विसंबू नका. तीनदा मोजा आणि सरासरी काढा.

फोर्क जास्तीत जास्त जेवढा दबू शकतो तो त्याचा ट्रॅव्हल. १०० मिलिमीटर ट्रॅव्हलच्या फोर्कला शहरातल्या वापरासाठी २० ते २५ मिलिमीटर सॅग योग्य. हायब्रिड प्रकारच्या सायकलींवर ६३ मिलिमीटरचे फोर्क असतात, त्यांना १२ ते १६.

आता टाय पुन्हा सीलला लावा आणि रोजच्या रस्त्याने एक फेरी मारा. परत आल्यावर टाय कुठे आहे ते बघा. या दोन मापांवरून चित्र बरंच स्पष्ट होतं. हे आकडे १०० च्या फोर्कचे: सॅग ३० च्या वर आणि टाय पार टोकाला, तर फोर्क तुमच्या वजनाला मऊ आहे. सॅग बरोबर पण टाय तरी टोकाला, तर सुरुवात ठीक आहे, शेवटचा कडकपणा कमी पडतोय. सॅग १५ च्या आत, टाय अर्ध्यावरच थांबलेला आणि तरी ठक्क, तर तो तळाचा आवाज नाहीच. वरच्या चाचण्यांकडे परत जा. आणि टाय अख्ख्या फेरीत एखाद्याच मोठ्या खड्ड्याला टोकाशी पोचत असेल तर काहीच बिघडलेलं नाही. ट्रॅव्हल वापरण्यासाठीच असतो.

एक गोष्ट फोर्कच्या बाहेरची, पण तिचा परिणाम फार मोठा आहे. ई-सायकल २५ च्या वेगाने येते आणि आपण गतिरोधकावर चढता चढता ब्रेक दाबतो. पुढचा ब्रेक दाबला की वजन पुढे येतं, फोर्क आधीच अर्धा दबतो आणि उरलेल्या ट्रॅव्हलमध्ये त्याला उंचवटा सोसावा लागतो. ब्रेक आधी दाबा, वेग कमी करा आणि चाक टेकण्यापूर्वी ब्रेक सोडा. २५ ऐवजी १५ च्या वेगाने त्याच उंचवट्यावर गेलात तर फोर्कला जिरवावी लागणारी ऊर्जा जवळजवळ तिपटीने कमी होते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. नव्या फोर्कने इतका फरक सहसा पडत नाही.

स्प्रिंगच्या फोर्कमध्ये नॉब आवळून का भागत नाही

प्रीलोडचा नॉब स्प्रिंगला कडक करत नाही. तो तिला आधीच थोडी दाबून ठेवतो, एवढंच. समजा स्प्रिंग ८ न्यूटन प्रति मिलिमीटरची आहे. १०० मिलिमीटर दाबायला ८०० न्यूटन लागतात. नॉबने १० मिलिमीटर प्रीलोड दिला तर तळाला पोचायला ८८० लागतील, म्हणजे फक्त दहा टक्के जास्त. आणि त्याबदल्यात पहिले ८० न्यूटन फोर्क हलणारच नाही, म्हणजे बारीक खडबडीवर तो दगडासारखा वागेल. त्याऐवजी १० न्यूटनची स्प्रिंग घातली तर तळाला १००० न्यूटन मिळतात आणि लहान धक्क्यांना फोर्क पहिल्यासारखाच लगेच हलतो. म्हणून नॉब आवळल्यावर ‘कडक झाला’ असं वाटतं खरं, पण आपटायचा तो आपटतोच.

प्रीलोड सॅगमधली ५ ते १० मिलिमीटरची चूक सुधारण्यासाठी आहे. त्याहून जास्त फरक असेल तर स्प्रिंग बदलायची. सनटूरसारख्या कंपन्या त्यांच्या बऱ्याच स्प्रिंग फोर्कसाठी मऊ, मध्यम आणि कडक अशा वेगवेगळ्या स्प्रिंगा बनवतात. अडचण अशी की शहरातल्या दुकानांत त्या सहसा शिल्लक नसतात, मागवाव्या लागतात. मागवताना फोर्कच्या मागच्या बाजूचा किंवा खालच्या पायावरचा पूर्ण मॉडेल क्रमांक, ट्रॅव्हल आणि नळीचा व्यास सांगा. नुसतं ‘१०० एमएमची स्प्रिंग द्या’ म्हणालात तर बसणारी येईल, चालणारी येईलच असं नाही.

काम अवघड नाही. बहुतेक साध्या फोर्कमध्ये स्प्रिंग एकाच पायात असते, प्रीलोडचा नॉब असलेल्या. दुसऱ्या पायात लॉकआउट. पुढचं चाक अधांतरी राहील अशी सायकल टांगा किंवा स्टँडला लावा. नॉब पूर्ण उलटा फिरवून प्रीलोड शून्यावर आणा. टोपी पान्ह्याने सैल करा, शेवटचे आटे हाताने सोडवा, स्प्रिंग वर ओढून घ्या. इथे तिच्याकडे नीट बघा. वेटोळ्यांवर तांबूस गंज आणि काळा चिकट थर असेल तर पाणी आत शिरलंय. काही फोर्कमध्ये स्प्रिंगच्या आत रबरासारखा इलास्टोमरचा दांडा असतो. तो बोटाने दाबल्यावर चुरा होत असेल तर आयुष्य संपलं, आणि शेवटचा कडकपणा देण्याचं त्याचं काम कधीच थांबलंय. स्वच्छ पुसा, नव्या स्प्रिंगला ग्रीसचा पातळ थर लावा, टोपी आधी उलटी फिरवून आटा कुठे बसतो ते अंदाजा आणि मग हातानेच सुरुवातीचे तीन-चार वळसे द्या. फोर्कच्या वरच्या भागाचे आटे नाजूक असतात. पान्हा लावून वाकडी बसवलेली टोपी ते कायमचे बिघडवते.

एअर फोर्क: हवा खरंच जाते की आपणच काढतो

एअर फोर्कमध्ये स्प्रिंगच्या जागी दाबलेली हवा असते. तिचा फायदा शेवटच्या टप्प्यात कळतो. समजा आतला हवेचा स्तंभ १४० मिलिमीटर आहे. फोर्क ५० मिलिमीटर दबला की स्तंभ ९० चा उरतो आणि दाब साधारण दीडपट होतो. ९० दबला की उरतात ५०, दाब पावणेतीनपट. म्हणजे जसजसा तळ जवळ येतो तसतसा फोर्क आपोआप कडक होत जातो. स्प्रिंग मात्र पहिल्या मिलिमीटरला जितकी, तितकीच शेवटच्या मिलिमीटरलाही असते. सॅग बरोबर असूनही फोर्क तळाला लागत असेल तर एअरमध्ये आणखी एक उपाय आहे: टोपीखाली प्लास्टिकचा टोकन बसवून हवेची जागा कमी करायची. सुरुवातीचा मऊपणा बहुतांशी टिकतो, शेवट कडक होतो. प्रत्येक मॉडेलला किती टोकन चालतात त्याची कमाल संख्या ठरलेली असते.

मग तक्रार येते: ‘एअर फोर्कची हवा टिकत नाही, दर वेळी पंप लावला की कमीच दाखवते.’ इथे बहुतेक वेळा फोर्क निर्दोष असतो. शॉक पंपाची नळी रिकामी असते. ती व्हॉल्व्हला लावल्याबरोबर फोर्कमधली हवा नळीत शिरते. फोर्कमध्ये १२० मिलिलिटर जागा आणि नळीत ६ मिलिलिटर धरली, तर १०० पीएसआयचा फोर्क मीटरवर ९५ दाखवेल. हवा कुठेही गळलेली नाही. तसंच पंप काढताना जो ‘फुस्स’ आवाज येतो तो नळीतल्या हवेचा असतो, फोर्कमधल्या नव्हे. म्हणून नियम एवढाच: लावल्यावर दिसणारा आकडा विसरा, हवा भरून काढण्याआधीचा शेवटचा आकडा लिहून ठेवा, आणि गळतीची खात्री सॅग मोजूनच करा. सॅग तीन आठवड्यांत बदलला नसेल तर फोर्क ठीक आहे.

पंप शॉकचाच हवा. व्हॉल्व्ह मोटरसायकलच्या ट्यूबसारखाच दिसतो, म्हणून पेट्रोल पंपावरचा पाईप त्याला लागतो, आणि तिथेच घोटाळा होतो. टायरच्या मानाने फोर्कमधली जागा इतकी छोटी की क्षणभराच्या झोताने दाब कुठल्या कुठे जातो. सायकलचा उभा पंपही एका दाबात फार हवा ढकलतो आणि काढताना बरीच घालवतो. शॉक पंपाची किंमत फोर्कच्या तुलनेत किरकोळ आहे. तो घ्यायचा नसेल तर एअर फोर्कही घेऊ नका, हे आम्ही अगदी मनापासून सांगतो.

भरताना एकदम ९० पर्यंत जायचं नाही. कंपनीच्या तक्त्यात तुमच्या वजनासमोर जो दाब दिलेला असतो त्याच्या निम्मा भरा आणि फोर्क आठ-दहा वेळा हळूच पाव ट्रॅव्हलपर्यंत दाबा. आतल्या पिस्टनच्या खालीही एक छोटा हवेचा कप्पा असतो, त्यात हवा तेव्हाच शिरते. मग आणखी २० पीएसआय, पुन्हा तसंच. शेवटी दाब पुन्हा बघा, थोडा उतरलेला असेल, तेवढा भरून घ्या. फोर्कवर किंवा तक्त्यात दिलेला कमाल दाब कधीही ओलांडू नका.

हे न करता हवा एकदम काढली, तर खालच्या कप्प्यात जास्त दाब अडकतो आणि फोर्क स्वतःच आत ओढला जातो. सायकल उभी असतानाही नळी दोन-तीन सेंटिमीटर कमी बाहेर दिसते. अशा वेळी नेहमीपेक्षा थोडी जास्त, पण कमाल दाबाच्या आतच हवा भरा, फोर्क हळूच दाबत-सोडत दोन्ही कप्पे समान करा आणि मग एकीकडे फोर्क वरखाली करत हवा अगदी सावकाश हव्या त्या दाबावर आणा. हे करूनही दोन दिवसांत फोर्क पुन्हा बसत असेल तर पिस्टनचा सील गेलाय, तो बदलावा लागेल.

खरी गळती शोधायची तर साबणाचं पाणी घ्या. व्हॉल्व्हवर थेंब टाका. बुडबुडे आले तर आधी व्हॉल्व्हचा गाभा छोट्या चावीने आवळा, तेवढ्याने भागतं. व्हॉल्व्ह कोरडा आणि टोपीच्या कडेने बुडबुडे, तर टोपीची ओ-रिंग. बाहेर कुठेच बुडबुडे नाहीत, तरी वरचा दाब उतरतोय आणि फोर्क शेवटच्या दोन सेंटिमीटरमध्ये विटेसारखा कडक होतोय, तर हवा खालच्या पायात साठतेय. आतला खालचा सील गेला. हे काम सर्व्हिसवाल्याकडे द्या.

एक सूचना, कितीदाही सांगितली तरी कमीच. एअर फोर्कची टोपी किंवा खालचे बोल्ट उघडण्याआधी हवा पूर्ण काढायची. व्हॉल्व्ह दाबून आवाज बंद झाल्यावरही फोर्क दोन-तीनदा दाबून पुन्हा व्हॉल्व्ह दाबायचा. हवेसकट उघडलेली टोपी तोंडावर उडते.

ऊन, थंडी आणि काळी माती

हिवाळ्यात सकाळी १० अंशांना ९० पीएसआय भरलेला फोर्क मेमध्ये ४२ अंशांना सुमारे १०२ पर्यंत जातो. उलट मेमध्ये दुपारी ९० भरला असेल तर थंडीत तो ७९ च्या आसपास उतरतो. गळतीचा यात संबंध नाही, हवेचा धर्मच तो. म्हणून इंदूरला वर्षातून दोनदा तरी दाब नव्याने बसवा: एकदा दिवाळीनंतर थंडी सुरू होताना आणि एकदा रंगपंचमीनंतर ऊन चढताना. स्प्रिंगला हा त्रास नाही. पण साध्या स्प्रिंग फोर्कमधलं जुनं ग्रीस थंडीत घट्ट होतं आणि सकाळच्या वेळी फोर्क आखडल्यासारखा वाटतो. ग्रीस बदललं की तोही त्रास जातो.

पावसाळ्यात खरा शत्रू माळव्याची काळी माती. रालामंडलच्या बाजूला किंवा तिंछा धबधब्याच्या वाटेवर एकदा चिखलात गेलात की ती नळीवर लेप लावल्यासारखी बसते आणि वाळल्यावर सिमेंटसारखी कडक होते. त्या अवस्थेत फोर्क दाबला तर तिचे कण सीलच्या ओठाखाली जातात. त्यामुळे घरी आल्याबरोबर, माती ओली असतानाच, साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने नळ्या धुवून पुसा. वॉशिंग सेंटरचा जोराचा पाईप डस्ट सीलवर कधीच मारू नका, तो पाणी आत ढकलतो. सीलवर गंज काढायचा स्प्रेही मारू नका. तो आतलं ग्रीस धुवून काढतो. दोन दिवस फोर्क मखमली चालतो आणि मग कोरडा पडून किरकिरायला लागतो.

स्वस्त फोर्कच्या नळ्या बहुधा क्रोम चढवलेल्या लोखंडाच्या असतात. पावसाळ्यानंतर त्यांच्यावरून नख फिरवून बघा. नख कुठे अडकलं तर तिथे गंजाचा खड्डा पडलाय, आणि तो प्रत्येक हालचालीला सील कापत राहणार. स्प्रिंगचा फोर्क अशा नळ्यांवरही काही काळ ओढता येतो.

पायातलं तेल हा दोन्ही प्रकारांत दुर्लक्षित भाग. चांगल्या फोर्कच्या खालच्या पायांत बुशना ओलं ठेवायला थोडंसं तेल असतं, एकेका पायात ५ ते १५ मिलिलिटर, नेमका आकडा मॉडेलच्या तक्त्यात. फोर्क बनवणारी रॉकशॉक्स कंपनी दर ५० तासांनी ते बदलायला सांगते. रोज एक तास चालवणाऱ्याचे ५० तास दोन महिन्यांत भरतात. साध्या स्प्रिंग फोर्कमध्ये तेल नसतंच, नुसतं ग्रीस असतं. ते पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा बदललं तरी पुरतं. पाय सोडवताना खालचे बोल्ट तीन-चार वळसे सैल करा, त्यांच्या डोक्यावर रबरी हातोड्याने हलकेच ठोका, आतला दांडा सुटला की मग बोल्ट पूर्ण काढा. पाने आणि अ‍ॅलन की सियागंजच्या बाजारात हव्या तशा मिळतील. सील मात्र त्या मॉडेलचेच घ्या, मापाला जुळणारी कुठलीही ओ-रिंग नको.

मग कोणता

सुरुवातीच्या दोन प्रश्नांकडे येऊ. सायकल एकटाच माणूस चालवतो, वजन वर्षभर तेच, सामान मागच्या कॅरिअरवर. इथे स्प्रिंग घ्या. मागच्या चाकावरचं ओझं पुढच्या फोर्कपर्यंत फारसं पोचत नाही, त्यामुळे मागे मुलाची सीट असली तरी पुढचा सॅग थोडाच बदलतो. एकदा तुमच्या वजनाची स्प्रिंग बसवली की विषय संपला. पंप नको, दाब नको, सील गेला तरी सायकल घरी येते.

एकच सायकल घरात दोघं वापरतात, एकाचं वजन ८८ किलो आणि दुसऱ्याचं ५२, तर एअर. कोणतीही एक स्प्रिंग या दोघांनाही जुळणार नाही. दोघांचे दाब एका चिठ्ठीवर लिहून पंपाच्या पिशवीत ठेवा, बदलायला दोन मिनिटं लागतात. सामान हँडलवरच्या बास्केटमध्ये टाकायची सवय असेल तरीही एअरकडे झुका. ते ओझं जवळजवळ सगळं फोर्कवर येतं, आणि भाजीची पिशवी असलेला दिवस आणि नसलेला दिवस यांत फरक पडतो. वजन ९५ किलोच्या पुढे असेल आणि तुमच्या फोर्कला कडक स्प्रिंग मिळतच नसेल, तर एअर हाच व्यवहार्य मार्ग. त्याची कमाल वजनमर्यादा मात्र तपासा.

‘एअर हलका असतो’ हा मुद्दा ई-सायकलसाठी मनातून काढून टाका. सायकल मुळातच २० ते २५ किलोची. अर्ध्या-पाऊण किलोचा फरक मोटरला आणि तुम्हाला जाणवणार नाही.

आणि स्वस्तातला एअर की बऱ्यापैकी स्प्रिंग, अशी निवड असेल तर आमचं मत स्प्रिंगच्या बाजूने, फक्त त्यात रिबाउंडची चकती हवी. रिबाउंड नसलेला एअर फोर्क स्प्रिंगपेक्षाही जास्त उसळतो. सनटूरच्या एक्ससीआरसारख्या मालिकेत एकाच नावाखाली दोन्ही प्रकार येतात, तेव्हा दुकानात नाव वाचून थांबू नका. वरच्या टोपीखाली हवेचा व्हॉल्व्ह आहे का ते उघडून बघा.

बदलायचाच ठरला तर ही मापं

हेडसेटमधून जाणारी नळी सरळ १⅛ इंची आहे की खाली दीड इंचापर्यंत रुंद होणारी. सरळ फ्रेममध्ये रुंद नळी शिरत नाही. अ‍ॅक्सल ९ मिलिमीटर क्विक रिलीजचा, १५×१०० की १५×११०. हे जुळलं नाही तर चाकच बदलावं लागेल. ब्रेकची डिस्क १६० मिलिमीटरची की १८०, आणि ब्रेकचा कॅलिपर बसायची जागा कोणत्या प्रकारची. नव्या फोर्कची चाकाच्या अ‍ॅक्सलपासून हेडसेटच्या खालच्या बेअरिंगच्या बैठकीपर्यंतची लांबी जुन्याइतकी, फार तर २० मिलिमीटर इकडे-तिकडे. २० मिलिमीटरने हेड ट्यूबचा, म्हणजे फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीचा, कोन जवळपास एक अंश बदलतो आणि हँडलची वळण्याची सवयच बदलते. आणि शक्यतो ई-बाइकसाठी बनवलेला, ३४ मिलिमीटर किंवा त्याहून जाड नळ्यांचा घ्या. २८ किंवा ३० च्या नळ्या जड सायकलच्या जोरदार ब्रेकिंगला मागे-पुढे वाकतात, आणि वाकलेली नळी बुशमध्ये अडकते. त्यालाच लोक ‘फोर्क जाम होतो’ म्हणतात.

तुमची मोटर पुढच्या चाकात असेल तर थांबा. अशी मोटर फोर्कच्या पायांच्या टोकांवर पिळाचा जोर टाकते आणि सस्पेन्शन फोर्कची ती टोकं बहुधा मॅग्नेशियम किंवा अ‍ॅल्युमिनियमची ओतीव असतात. ती तडकली तर चाक चालत्या सायकलमधून निघतं. अनेक फोर्क कंपन्या पुढच्या मोटरला परवानगीच देत नाहीत. तिथे स्प्रिंग की एअर हा प्रश्नच येत नाही. लोखंडी टोकांचा साधा फोर्क लावा, अ‍ॅक्सलला जागेवर फिरू न देणारी टॉर्क आर्मची पट्टी बसवा, आणि खड्ड्यांसाठी थोडं जाड टायर कमी हवेत चालवा.